भिशीतून घेतलेला फोन

दुकानात प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळत होती.

वोल्फ्सबुर्गच्या मुख्य रस्त्यावरचं मोबाइल कंपनीचं दुकान होतं ते. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, सगळीकडे मंदीच्या बातम्या होत्या आणि दुकानाच्या काचेवर मात्र आनंदीआनंद होता. टचस्क्रीनचा नवाकोरा फोन, फक्त एक युरो! खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत दोन वर्षांचा करार. मला फोन हवा होता, म्हणून मी विचारत होते. दरमहा किती? दोन वर्षांनी काय? मधेच सोडला तर? काउंटरमागचा तो गुळगुळीत दाढीचा पोरगेला माणूस ऐकायचा माझं आणि बघायचा माझ्या शेजारी. मी जर्मनमध्ये बोलत होते, बरं का. व्याकरणाची थोडी मोडतोड होत असेल, पण बोलत होते मीच.

मग त्याने पासपोर्ट मागितला. माझ्या पासपोर्टात राहण्याच्या परवान्याचा जो कागद चिकटवलेला होता, तो वर्षभराचा. करार दोन वर्षांचा. त्याने मान हलवली. पगार? नाही. स्वतःच्या नावावर बँकेत खातं? नाही. पुन्हा मान हलवली. आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "आल्झो, तर मग सोपं आहे. तुम्ही सही करा. मग काहीच अडचण नाही."

आणि आमच्या ह्याने खिशातून पेन काढलं!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मराठीत म्हटलं, "पेन खिशात ठेव."

"अगं, एक सही तर आहे."

"ठेव म्हणते ना."

ठेवलं त्याने. आम्ही बाहेर आलो. मागून तो माणूस बिचारा "शुभ दिवस" म्हणत होता, त्याचाही मला राग आला.

हा फोन मला मिरवायला नको होता. मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करत होते, चांगली करत होते. नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून आला आणि वर्षभराने मी राजीनामा देऊन त्याच्यामागे आले. आल्यावर जर्मनचे वर्ग केले, अर्ज केले, नकार गोळा केले. शेवटी शेजारच्या ब्राउनश्वाइगमधल्या एका चिमुकल्या कंपनीने बोलावलं. ते लोक बसची आणि ट्रामची वेळ फोनवर दाखवणारा प्रोग्रॅम बनवत होते आणि तो तपासायला त्यांना माणूस हवं होतं. कंपनीची मालकीण माझ्याच वयाची, पायात चिखलाचे बूट, टेबलावर अर्धवट खाल्लेला ब्रेड. तिला माझं काम आवडलं. म्हणाली, "फक्त एक आहे. आमच्याकडे तुला द्यायला फोन नाही. तुझा स्वतःचा असा फोन असेल तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ये. नसेल तर विद्यापीठातला एक मुलगा तयार आहे, त्याच्याकडे आहे."

स्वच्छ बोलली, मला आवडलं. म्हणजे एक तारखेला हातात फोन असेल तर नोकरी, नाहीतर ती त्या मुलाची. इतकं सरळ होतं सगळं.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "काय फरक पडतो कुणाच्या नावावर आहे त्याने? वापरणार तूच आहेस ना?"

आता त्याला काय सांगायचं. तो वाईट माणूस नाही हो, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. हा आपला समजूतदार, भांडी घासणारा, रविवारी पोहे करणारा. पण मी बसले होते ती गाडी त्याच्या नावावर. घराचा करार त्याच्या नावावर. वीज, इन्शुरन्स, बँकेतलं खातं, सगळं त्याच्या नावावर. माझा देशात राहायचा परवानासुद्धा त्याच्या परवान्याला टाचलेला. पुण्याची नोकरी सोडताना जे पैसे मिळाले ते तिकडच्या फ्लॅटमध्ये घातले, आणि त्या फ्लॅटच्या कागदावर माझं नाव दुसरं. मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, तेवढं एक माझं होतं. तर त्याचीसुद्धा इथे गंमत झाली. जर्मनीत पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, सरळ परत पाठवतो. आमच्या पेटीवर फक्त ह्याचं आडनाव. माझी पत्रं परत जात होती आणि मला पत्ताच नाही! कळलं तेव्हा मी कागदाच्या पट्टीवर माझं आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने ते काढून टाकलं, म्हणाला इथे सगळ्या पाट्या एकसारख्या लागतात. मी परत चिकटवलं. त्याने परत काढलं. हा खेळ बरेच दिवस चालला. शेवटी कंटाळून त्यानेच एकसारखी पाटी करून आणली, त्यावर दोन्ही आडनावं, आणि माझ्या आडनावात एक अक्षर जास्तीचं घातलेलं. असो. ते मी सोडून दिलं.

तर एवढं सगळं गाडीत सांगायला घेतलं तर ब्रेक दाबून बसला असता तो. मी एवढंच म्हटलं, "मला पडतो फरक."

"मग रोख घेऊ. खात्यात आहेत."

"कुणाच्या खात्यात?"

घरी आल्यावर त्याने चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि जाऊन टीव्ही लावला. मला त्याची कीवही येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

माझे वडील नाशिकला सरकारी नोकरीत होते. आयुष्यात एक वस्तू हप्त्यावर घेतली नाही त्यांनी. आमच्याकडे फ्रिज आला तो सगळ्या आळीत शेवटी, पण आला तो रोखीने. वडील म्हणायचे, हप्त्याची वस्तू घरात येते तेव्हा बरोबर दुकानदारही येऊन बसतो, तो दिसत नाही एवढंच. लहानपणी मला हे ऐकून ऐकून कंटाळा आला होता. त्या दुकानातलं ते पोस्टर बघताना मात्र दुकानदार मला स्पष्ट दिसला. एक युरोचा फोन, आणि तोही असा बांधलेला की दुसऱ्या कंपनीचं कार्ड त्यात चालायचं नाही. करार संपायच्या तीन महिने आधी पत्र पाठवून नको म्हणायचं, विसरलात तर आणखी एक वर्ष अडकलात. आमच्या ओळखीतले निम्मे लोक विसरले होते आणि चरफडत पैसे भरत होते. ते मला मान्यच नव्हतं. मला फोन पूर्ण पैसे देऊन घ्यायचा होता, मोकळा. प्रश्न एवढाच होता की पूर्ण पैसे माझे स्वतःचे असे कुठून आणायचे.

आणि मग मला आमची भिशी आठवली.

वोल्फ्सबुर्गमधल्या आम्ही डझनभर मराठी बायका महिन्यातल्या एका रविवारी दुपारी जमायचो. प्रत्येकीने ठरलेली रक्कम आणायची, सगळी एकत्र करायची, चिठ्ठी उचलायची, जिची निघेल तिला ती सगळी रक्कम. पुढच्या महिन्यापासून तिचं नाव चिठ्ठ्यांतून वगळायचं, पण हप्ता तिने भरतच राहायचा, सगळ्यांचं होईपर्यंत. व्याज नाही, बँक नाही, सही नाही. मी माझा हप्ता जर्मन शाळेत जाणाऱ्या दोन मुलांना गणित शिकवून जमवायची. तेवढंच माझं. भिशीच्या पैशातून कुणी पैठणी मागवायची, कुणी आईला तिकीट पाठवायची, कुणी शिलाई मशीन घ्यायची.

भिशी चालवायच्या काकू. सगळ्यांच्या काकू. कोल्हापूरच्या, वीसेक वर्षं इथे असलेल्या, उंच, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हाताऱ्याला भिशी कधी आहे ते कळायचं. त्यांच्याविषयी बायकांत जरा धाकच होता. हप्ता आणायला उशीर केला तर काकू चहा द्यायच्या, पण साखर विचारायच्या नाहीत.

त्या रविवारी मी ठरवून गेले. काकूंची मुलगी दहावीतली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर जर्मनमध्येच. तिला चिठ्ठी काढायला हाक मारली की ती खोलीतून ओरडायची, "येत्स?" आत्ताच का! तशी ओरडली, आली, चिठ्ठी काढली आणि परत खोलीत गेली. चिठ्ठी निघाली आमच्यातल्या एका सोलापूरच्या मुलीची. मी खिचडीची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "मला बोलायचंय. ह्या वेळची भिशी मला हवी आहे."

आणि सगळं सांगितलं. नोकरीचं, फोनचं, एक तारखेचं, दुकानातल्या पेनाचंसुद्धा. पेनाचं ऐकून बायका हसल्या. सोलापूरची म्हणाली, "मला काही घाई नाही गं. माझा नंबर हिला द्या, हिचा निघेल तेव्हा मी घेईन." मला वाटलं, झालं! एवढं सोपं!

कशाचं सोपं. कोपऱ्यातून ठाण्याची एक होती ती म्हणाली, "मिस्टरांना विचारलंस?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"नाही म्हणजे, तसं नाही," ती म्हणाली, "पण तू आत्ता उचलणार आणि हप्ते पुढे भरणार. तुझ्या मिस्टरांच्या आणि आमच्या ह्यांच्या डिपार्टमेंटमध्ये काय चाललंय माहितीये ना? प्रोजेक्ट गुंडाळायच्या गोष्टी चालल्यात. उद्या तुम्हाला परत जायला लागलं तर? मग आम्ही कुणाकडे मागायचं? राग मानू नकोस हं. निदान ते मधे असले तर…"

दोघीतिघींनी मान हलवली. एक म्हणाली, "बरोबर आहे गं तिचं. तुमचा परवाना पण वर्षाचाच ना?"

बघा! शब्दाला शब्द तेच! दुकानातला तो गुळगुळीत दाढीवाला जे जर्मनमध्ये बोलला तेच मला माझ्या बायका मराठीत, साबुदाण्याची खिचडी खाता खाता ऐकवत होत्या. परवाना किती दिवसांचा, नवरा काय म्हणतो. त्याचा राग आला होता तो परका म्हणून तरी गिळला. ह्यांचा कसा गिळू? माझे डोळे भरून आले आणि त्याचाही मला संताप आला, कारण आता ह्या म्हणतील की रडून पैसे मागते.

आणि ठाण्याचीचं चुकलंही नव्हतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. तिचा नवरा दहा वेळा घरी येऊन हेच सांगत असणार. तिचा हप्तासुद्धा कुठून येत होता देव जाणे. पण बरोबर असलं म्हणून काय झालं? माझ्याकडे बघून बोल ना. मी समोर बसलेय ना जिवंत!

मी म्हटलं, "माझा नवरा मधे येणार नाही. तारण देते. मग तर झालं?"

"तारण?" काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "काय देशील?"

माझ्या हातात आईने लग्नात घातलेल्या पाटल्या होत्या. आईच्या स्वतःच्या, तिच्या आईने तिला दिलेल्या. गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते मी मनातसुद्धा आणलं नाही. तेही त्याच्याच नावाचं! पाटल्या मात्र माझ्या. मी काढायला गेले तर निघेनात. इतक्या वर्षांत मनगटं भरली होती. सगळ्या बघतायत, मी ओढतेय, हात लाल झाला, एकजण "अगं वेडी आहेस का, राहू दे" म्हणतेय. मी उठले, काकूंच्या स्वयंपाकघरात गेले, सिंकशी उभी राहून भांडी धुवायचा साबण लावला आणि एक एक करून दोन्ही काढल्या. पुसल्या. आणून काकूंसमोर ठेवल्या, चिठ्ठ्यांच्या वाटीशेजारी.

मला खात्री होती की आता काकू त्या उचलून परत माझ्या हातात घालणार, पाठीवर हात फिरवणार, "आपल्या आपल्यांत कसलं गं तारण" म्हणणार, आणि सगळ्या मिळून माझ्यावर दया करणार. त्या दयेला काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवत होते.

काकूंनी पाटल्या उचलल्या, हातावर तोलल्या, उजेडाकडे धरून आतला शिक्का पाहिला. मग किचन रोलचा कागद फाडला, त्यात गुंडाळल्या, उठल्या, आणि आतून तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाल्या, "बरं. शेवटचा हप्ता भरलास की घेऊन जा. त्याच्या आधी मागायच्या नाहीत. आणि हप्ता चुकला तर मी ऐकून घेणार नाही, पाटल्या मोडीन आणि सगळ्यांचे देईन. चालेल?"

"चालेल."

"मग घे," म्हणाल्या आणि पैशाचं पाकीट माझ्या पुढ्यात सरकवलं. "आणि खिचडी संपव, टाकलीस ती."

जिन्यात उतरताना सोलापूरची माझ्या कानाशी लागली, "बाई काय कठोर आहे गं! घेतल्या की तिने खरंच!" मला हसूच आलं. तिला कसं सांगणार की मला किती बरं वाटलं होतं? ह्या देशात आल्यापासून सगळे माझ्याशी चांगलं वागले होते. समजून घेत होते, सांभाळून घेत होते, माझ्या वतीने सह्या करायला पेनं काढत होते. काकूंनी पहिल्यांदा माझ्याशी व्यवहार केला. शिक्का बघून केला. मी बुडवू शकते असं धरून केला, म्हणजे मी फेडूही शकते हे त्यात आलंच. मी घरापर्यंत चालत गेले, पावसात, बस सोडून.

फोन मी ब्राउनश्वाइगला एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन घेतला. एकटी गेले, आगगाडीने. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट विचारला नाही, पगार विचारला नाही, माझ्या शेजारी कुणी उभं आहे का तेही बघितलं नाही. पैसे मोजले, खोकं दिलं. मला तर हे इतकं सोपं वाटलं की मी तिथेच घुटमळत राहिले. तिने विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही, एवढंच." आठवड्याची भाजी घेतो त्या सुपरमार्केटात मिळतं तसलं प्रीपेड कार्ड घेतलं, नोंदणीत माझं नाव आणि माझा पत्ता. एक तारखेला मी त्या चिखलाच्या बुटांच्या बाईसमोर फोन ठेवला तेव्हा ती फक्त "सुपर" म्हणाली आणि मला टेबल दाखवलं.

घरी मात्र वादळ झालं. त्या रविवारी ह्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. फोन आणला त्या संध्याकाळी मी त्याला दाखवत होते, हे बघ असं सरकवायचं, हे बघ असं मोठं होतं, आणि तो फोनकडे बघायचं सोडून माझ्या मनगटांकडे बघत होता.

"पाटल्या कुठायत?"

सांगितलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. "सगळ्या बायकांसमोर? काय वाटलं असेल त्यांना? की मी तुला एक फोन घेऊन देत नाही?"

"घेऊन द्यायचा नव्हताच. तेच तर सांगतेय कधीपासून."

"माझी लाज काढलीस तू."

"तुझा संबंधच नव्हता त्यात!"

हे मी जरा जोरात बोलले. आणि बोलल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग तिसऱ्या दिवशी बसची वेळ बघायला त्याने माझाच फोन मागितला.

पुढे काय झालं, तर ठाण्याचीचं अर्धं खरं झालं. प्रोजेक्ट गुंडाळलं नाही, पण ह्याच्या कंपनीत कुर्झआर्बाइट सुरू झालं. म्हणजे माणसं काढत नाहीत, पण काम कमी करतात आणि पगारही कापतात. हा आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसायला लागला. खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघायचा. भाजी आणायचा आणि चार वेळा भाव सांगायचा. माझा पगार होता छोटासाच, पण तो होता. मी माझ्या नावावर खातं उघडलं, आणि त्या हिवाळ्यात घरातला किराणा त्यातून चालला. मला कधीकधी त्याच्याकडे बघवायचं नाही. तो पेन काढून उभा राहणारा माणूस बरा होता असंसुद्धा एकदोनदा वाटलं. पण भिशीचा हप्ता मी एकदाही चुकवला नाही. किराणा कमी केला, मावशीच्या मुलाच्या लग्नाला गेले नाही, गणिताच्या शिकवण्या शनिवारीही घेतल्या. दर महिन्याला काकूंच्या हातात हप्ता ठेवायची, त्या मोजायच्या, मान हलवायच्या, आणि मग साखर किती विचारायच्या. ठाण्याची एकदा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुला वाईट वाटलं असेल ना गं तेव्हा?" मी म्हटलं, "वाटलं." ती म्हणाली, "आमच्याकडे पण पगार कापलाय." मी तिला माझ्या शिकवणीच्या मुलांच्या आईचा नंबर दिला, त्यांना इंग्रजी शिकवायलाही कुणी हवं होतं. दुसरं काय करणार.

उन्हाळा आला तसं ह्याचं काम पूर्ववत झालं. पूर्ण पगार आला त्या दिवशी हा घरी आला तो निराळाच, शीळ घालत. मला म्हणाला, जरा जाऊन येतो. मला वाटलं, केक आणायला गेला. चांगला तासाभराने आला. बूट न काढता सोफ्यावर बसला, हातात एक जाड पाकीट, आणि चेहरा असा की मी घाबरलेच.

"काय झालं?"

"काकूंकडे गेलो होतो."

"कशाला?"

"तुझ्या पाटल्या सोडवायला. म्हटलं राहिलेले सगळे हप्ते एकदम भरून टाकतो. तुला सरप्राइज." पाकीट त्याने टीपॉयवर टाकलं. "चहा दिला त्यांनी. चकली दिली. माझं सगळं ऐकून घेतलं. आणि मग मला विचारलं, तू कोण?"

"काय?"

"अगं, तू कोण! मला! मी म्हटलं, काकू, असं काय करता, मी हिचा नवरा. तर म्हणतात, ते माहितीये रे बाळा मला, पण भिशीत कोण? म्हटलं भिशीत कुणी नाही. तर म्हणाल्या, मग झालं तर. व्यवहार तिच्याशी आहे, ती बघेल, तू चकली घे." त्याचा आवाज चढला. "पैसे मी देतोय! रोख देतोय! बायको माझी, पाटल्या माझ्या बायकोच्या, आणि मला त्या हात लावू देत नाहीत? ही काय पद्धत झाली?"

मी आधी हसले. अगदी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच दुखावला होता. पैसे खिशात होते, मन चांगलं होतं, काही चुकीचं मागत नव्हता, आणि तरी समोरच्याने त्याला सांगितलं होतं की तुझं इथे नाव नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला असं सांगितलं असावं. मला तर ते इथे येऊन उतरल्या दिवसापासून ऐकायला मिळत होतं. मी बघितलं फक्त. आणि त्याचा चढलेला आवाज आपोआप खाली आला.

मग हळूच म्हणाला, "असं वाटतं होय?"

"असंच वाटतं."

त्याने बूट काढले, दाराशी नेऊन ठेवले. परत आला तेव्हा जरासा हसत होता. म्हणाला, "मग आता त्या पाटल्या मला मिळण्याचा काहीच मार्ग नाही?"

मी म्हटलं, "आहे ना. सोपं आहे. बायकोची सही आण."

पाटल्या मी शेवटचा हप्ता भरूनच सोडवल्या. काकूंनी तांदूळ झटकून त्या माझ्या हातात दिल्या, घालून मात्र दिल्या नाहीत. साबण मीच मागितला. हा खाली गाडीत वाट बघत थांबला होता, वर आला नाही.